मानपाड्याची बग्गी आणि तिचा लगाम

मानपाडे दोन आहेत. एक डोंबिवली पूर्वेला, दुसरं ठाण्यात, घोडबंदर रोडवर, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी. हा लेख ठाण्यातल्या मानपाड्याचा. इथे गोल्फचं मैदान नाही, पण गोल्फ कार्टचा गोतावळा आहे. मोठ्या गृहसंकुलांत गेटपासून मागच्या इमारतीपर्यंत आजी-आजोबा आणि भाजीच्या पिशव्या वाहणारी बॅटरीवरची गाडी. तिला सगळे बग्गीच म्हणतात. घोडबंदर रोडला बिनघोड्याची बग्गी! ती पाच-सहा वर्षांची झाली की सोसायटीच्या सभेत एक विषय हमखास निघतो: गाडी पळत नाही, वेग वाढवून घ्या.

मुळात ती पळण्यासाठी जन्मलेलीच नाही. अमेरिकेतल्या ऑगस्टा गावी १९५४ साली सुरू झालेल्या ई-झी-गोसारख्या कंपन्यांनी हिरवळीवर फिरण्यासाठी अशा गाड्या घडवल्या. आजही कारखान्यातून निघताना त्यांचा वेग ताशी २० ते २४ किलोमीटरच्या आसपास बांधलेला असतो. तो बांधतो कंट्रोलर, म्हणजे मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारा भाग. आतली रचना मात्र भारतीय वाचकाला अनोळखी नाही. बंगळुरूहून २००१ साली बाजारात आलेली 'रेवा' मोटारही ६ व्होल्टच्या ८ लेड-ॲसिड बॅटऱ्या जोडून ४८ व्होल्टांवर चालायची. बऱ्याच बग्ग्यांच्या सीटखाली हाच संसार मांडलेला असतो.

हिशेब सरळ आहे. व्होल्ट वाढले की मोटर जास्त फिरते, अँपिअर वाढले की जास्त ओढते. ३६ व्होल्टची गाडी ४८ वर नेली तर वेग ढोबळमानाने एक तृतीयांशाने वाढतो, पण कंट्रोलर, सोलेनॉइड (वीज जोडणारा-तोडणारा स्विच) आणि चार्जर बदलावेच लागतात. केबलही जाड हवी, नाहीतर चढावर ती तापते. मोठे टायर हा स्वस्तातला उपाय. चाकाच्या एका फेऱ्यात जास्त अंतर कापलं जातं, पण पिकअप मरतो. सपाट आवारात चालून जाईल, डोंगराकडच्या चढावर सहा माणसं बसली की गाडी धापा टाकणार.

हल्ली लिथियमची हौस आहे, आणि ती रास्त आहे. आठ लेड-ॲसिड बॅटऱ्यांचं वजन दोनशे किलोंच्या पुढे जातं. लिथियमचा पॅक त्याच्या निम्म्याहूनही हलका, शिवाय चार्ज संपत येईपर्यंत व्होल्ट फारसे पडत नाहीत. फसगत होते ती दुसरीकडेच. चढावर कंट्रोलर तीनशे अँपिअर मागतो आणि पॅकमधली संरक्षक यंत्रणा शंभराचीच असेल, तर ती वीजच तोडते. गाडी ऐन चढावर मुकाट उभी. पॅक घेताना क्षमतेचा, म्हणजे अँपिअर-तासांचा आकडा सगळे विचारतात. सलग किती अँपिअर देतो, हे फारसं कुणी विचारत नाही.

माझं मत विचाराल तर निम्म्या बग्ग्यांना अपग्रेडची गरजच नसते. लेड-ॲसिड बॅटऱ्या असतील तर आधी हायड्रोमीटर लावा. पूर्ण चार्जनंतर प्रत्येक सेलमधल्या ॲसिडचं विशिष्ट गुरुत्व १.२६५ ते १.२८० च्या दरम्यान हवं. आठांतली एक बॅटरी बसली की उरलेल्या सातांची मेहनत मातीत जाते. डिस्टिल्ड वॉटर, टायरमधली हवा, चाकाला घासणारा ब्रेक, झिजलेले कार्बन ब्रश एवढं पाहिलं तरी म्हातारी चालू लागते.

आणि ब्रेक! जुन्या कार्टना बहुधा मागच्याच दोन चाकांना ड्रम ब्रेक असतात. ताशी २० चे ३० केले की थांबवायची ऊर्जा दीडपट होत नाही, सव्वादोनपट होते. संकुलाच्या आवारात पोरं सायकली घेऊन कुठूनही वळतात.

कायद्याचंही पाहा. मोटार वाहन नियमांतून सुटतं ते २५० वॉटपेक्षा कमी ताकदीचं आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाचं बॅटरीवाहन. बग्गीची मोटर त्याच्या कितीतरी पट मोठी. त्यामुळे नोंदणीशिवाय ती गेटाबाहेर घोडबंदर रोडवर काढायची नाही, मग ती कितीही पळो.

तरीही वेग वाढवलाच, तर मोबाइलच्या जीपीएसवर तो मोजा. मग सहाही जागा भरून, उतारावर, जमिनीवर खडूची रेघ मारून ब्रेक दाबा आणि गाडी रेघेपासून किती पुढे जाऊन थांबते तेही मोजा. सभेत दोन्ही आकडे सांगा.