पाठ नसलेल्या चित्राची मूर्ती

जपानी ॲनिमेतली नायिका कागदावर असते तेव्हा तिला पाठच नसते. समोरून पाहिलं तर नाक म्हणजे नुसता ठिपका. बाजूने काढली की तेच नाक टोकदार होतं आणि तोंड तर कित्येकदा सरळ गालावर सरकतं. चित्रात हे सगळं खपून जातं. मूर्तीत मात्र एकच चेहरा चहूबाजूंनी खरा वाटावा लागतो! दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात अशा नायिकेची महागडी मूर्ती, म्हणजेच फिगर, दिसली की मी तिच्याभोवती घुटमळतो, ते शिल्पकाराने हे कोडं कसं सोडवलं ते पाहायला. १:७ प्रमाणात १६० सेंटिमीटरची मुलगी जेमतेम २३ सेंटिमीटर उरते. एवढ्याशा घड्यांत पुरेशी गडद सावली पडत नाही, म्हणून सावलीसुद्धा रंगवतात.

या कलेची मुळं हौशी लोकांच्या घरांत आहेत. रेझिनचे बिनरंगी सुटे भाग घरीच साच्यातून काढायचे आणि विकायचे. घासणं, जोडणं, रंगवणं घेणाऱ्याने करायचं. याला गॅरेज किट म्हणतात. वंडर फेस्टिव्हल हा या किटांचा मेळा, आता तो टोकियोजवळ चिबाच्या माकुहारी मेस्से इथे भरतो. तिथली एक रीत मला अजून थक्क करते. पात्राचे हक्कदार हौशी शिल्पकाराला फक्त त्या एका दिवसापुरती विक्रीची परवानगी देतात. महिनोन् महिने घडवलेली मूर्ती दुसऱ्या दिवशी विकता येत नाही. इतका खटाटोप लोक प्रेमापोटीच करतात, याविषयी मला शंका नाही.

ओसाकाजवळच्या मोरिगुचीत १९६४ मध्ये मॉडेलांचं छोटं दुकान म्हणून सुरू झालेली काइयोदो कंपनी याच हौसेवर मोठी झाली. तिथले शिल्पकार बोमे यांच्या साथीने चित्रकार ताकाशी मुराकामी यांनी १९९७ मध्ये ‘मिस को²’ घडवली: कपाटातली फिगर थेट माणसाएवढी. २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात तिला पाच लाख डॉलरहून जास्त किंमत आली.

घरी पीव्हीसीची तयार फिगर ठेवायची असेल तर ती उन्हापासून जपा, रंग उडतो. आणि नवी राहावी म्हणून खोक्यातच कोंडून ठेवू नका. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात घातलेलं द्रव्य हळूहळू पृष्ठभागावर येतं, हवा मिळाली नाही तर तिथेच साचतं, आणि मूर्ती चिकट होते. तसं झालंच तर कोमट पाणी आणि सौम्य साबण पुरतो.