सेकंड हँड गाडी घेताय? आरसीवर न दिसणारा इतिहास असा तपासा

जयगडच्या जेटीवर तवसाळला जाणाऱ्या फेरीबोटीत चढणाऱ्या गाड्या पाहा. रत्नागिरीच्या एमएच-०८ सोबत मुंबई, ठाणे, पुण्याच्या नंबरप्लेटही दिसतात. अशीच एखादी गाडी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विकायला येते: ‘सिंगल ओनर, नॉन-अ‍ॅक्सिडेंट, पेपर क्लिअर’. पण पेपर क्लिअर म्हणजे गाडी चांगली, असं असतं का?

सरकारी नोंदीत काय कळतं?

एमपरिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकला की नोंदणीची तारीख, विमा आणि पीयूसीची मुदत कळते. गाडीवर कर्ज असेल तर त्याची नोंदही दिसते. कर्ज फिटलंय असं मालक सांगत असेल, तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ मागा. थकलेला दंड महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलान वेबसाइटवर तपासता येतो. गाडीवर कोरलेला चेसिस आणि इंजिन नंबर आरसीशी स्वतः जुळवून बघा.

काय कळत नाही?

अपघात आणि पूर. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुरात चिपळूण बुडालं, तेव्हा पार्किंगमधल्या आणि रस्त्यावरच्या गाड्याही पाण्याखाली गेल्या. अशी गाडी दुरुस्त होऊन पुन्हा विक्रीला येऊ शकते. आरसीवर मात्र त्याचा एक शब्दही नसतो.

मग पुरावा कुठे शोधायचा?

विम्याच्या पॉलिसीत. वर्षभर क्लेम केला नाही की पुढच्या वर्षी नो क्लेम बोनस मिळतो. तो २० टक्क्यांपासून सुरू होऊन पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत जातो. गाडीच्या नुकसानीचा क्लेम घेतला की तो साधारणपणे शून्यावर येतो. म्हणजे पाच वर्षांच्या ‘सिंगल ओनर’ गाडीच्या पॉलिसीवर बोनस शून्य असेल, तर कारण विचारा. विमा वेळेत भरला नाही तरी बोनस जातो, त्यामुळे फक्त एवढ्यावरून निष्कर्ष काढू नका. जुन्या पॉलिसीही मागा आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून सर्व्हिस रेकॉर्ड काढायला सांगा. किती किलोमीटरला सर्व्हिसिंग झालं, हे त्यात तारखेनुसार असतं. मीटर मागे फिरवलं असेल तर इथे सापडतं.

गंज कुठे आहे, ते बघा

जयगडसारख्या खाडीकाठच्या गावात गाडीच्या खालच्या बाजूला थोडा गंज असणं नवल नाही. खाऱ्या हवेत तो येतोच. पण सीटखालच्या रेल आणि बोल्टवर, डॅशबोर्डच्या आतल्या पट्ट्यांवर गंज असेल, तर पाणी केबिनमध्ये शिरल्याची शंका घ्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून चिखलाचा डाग आहे का पाहा. मॅटखाली आणि स्टेपनीच्या खळग्यात गाळ शोधा. जुन्या गाडीत सगळं कापड कोरं करकरीत असेल, तर ते का बदललं, हे विचारा. आपल्या ओळखीचा मेकॅनिक सोबत न्या, विकणाऱ्याचा नको.

व्यवहार ठरला, आता?

गाडी नावावर करण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. मोटार वाहन कायद्यानुसार राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत, तर घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. विमा नावावर करण्यासाठीही १४ दिवसांत अर्ज करावा लागतो. ते राहिलं आणि गाडी ठोकली गेली, तर स्वतःच्या नुकसानीचा क्लेम अडकू शकतो.

गाडी विकणाऱ्यांनीही हे गांभीर्याने घ्यावं. गाडी प्रत्यक्षात दुसऱ्याकडे असली तरी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याचीच, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये स्पष्ट केलं. कोऱ्या फॉर्मवर सह्या करून चावी देणं म्हणूनच धोक्याचं.

टोकन देण्याआधी तीन गोष्टी मागा: मूळ आरसी, जुन्या पॉलिसी आणि सर्व्हिस रेकॉर्ड. ‘दुसरं गिऱ्हाईक तयार आहे’ असं म्हणत कोणी ते दाखवायला टाळत असेल, तर ती गाडी त्या गिऱ्हाइकालाच घेऊ द्या.