मनाचा आजार आणि कायद्यातले वेड

बारामती, काटेवाडी किंवा इंदापूरहून एसटीने पुण्याला येणारा माणूस बहुधा स्वारगेटला उतरतो. याच स्वारगेटहून २५ जानेवारी २०१२ रोजी सकाळी संतोष माने या एसटी चालकाने एक बस परवानगीशिवाय बाहेर काढली आणि शहराच्या गर्दीत बेफाम चालवली. नऊ जणांचे प्राण गेले, अनेकजण जखमी झाले. ‘त्याच्या डोक्यावर परिणाम झाला असणार,’ असे तेव्हा अनेकांना वाटले. खटल्यात बचाव पक्षानेही हेच म्हटले. न्यायालयांनी मात्र ते मान्य केले नाही.

या विषयावर बोलताना आम्हांला दोन प्रश्न हमखास ऐकू येतात. एक : ‘इतके भयंकर कृत्य शहाणा माणूस करील का?’ आणि दुसरा : ‘डॉक्टरांचा कागद आणला की खून माफ होतो का?’ दोन्ही प्रश्न एकमेकांच्या विरुद्ध टोकाचे वाटतात, पण त्यांच्या मुळाशी एकच गैरसमज आहे. मनाचा आजार आणि कायद्यातले वेड या दोन गोष्टी एकच आहेत, असे आपण धरून चालतो.

कायदा काय विचारतो?

भारतीय दंड संहितेच्या कलम ८४ मध्ये असलेली तरतूद १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्ये आहे. तिचा आशय असा : कृत्य करतेवेळी, मनोविकलतेमुळे, आपण काय करतो आहोत हे ज्याला कळू शकत नव्हते, किंवा ते चुकीचे वा कायद्याविरुद्ध आहे हे कळू शकत नव्हते, त्याचे ते कृत्य गुन्हा ठरत नाही.

या विचाराला वळण मिळाले ते १८४३ मध्ये लंडनला. मॅकनॉटन नावाच्या माणसाने पंतप्रधान रॉबर्ट पील यांच्या खासगी सचिवाला गोळी घातली. सत्ताधारी पक्ष आपला छळ करतो आहे, असा त्याचा पक्का भ्रम होता. त्याला निर्दोष ठरवल्यावर मोठा गहजब झाला आणि अशा प्रसंगी कसोटी कोणती लावायची, ते तेथील न्यायाधीशांना स्पष्ट करावे लागले. आपले १८६० चे कलम त्याच धर्तीचे आहे.

कसोटी समजण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. ऊसतोडणीचा कोयता हातात असलेल्या माणसाला आजारामुळे समोरचा माणूस ऊसच दिसतो आणि तो कोयता चालवतो. त्याला कृत्याचे स्वरूपच कळलेले नाही. दुसरा माणूस जाणतो की आपण माणूस मारतो आहोत. पण हा आपला जीव घ्यायला आला आहे, याला मारणेच योग्य, असे त्याला भ्रमामुळे ठामपणे वाटते. येथे प्रश्न कृत्य चुकीचे आहे हे कळण्याचा आहे. तिसरा रागाने पेटलेला आहे, त्याच्यावर मानसोपचारही चालू आहेत. पण आपण काय करतो आहोत आणि त्याला शिक्षा आहे, हे तो जाणतो. त्याला हे कलम वाचवत नाही. तिघेही आजारी असू शकतील, पण कायदा विचारतो ते जाणिवेबद्दल.

गेलेला क्षण मोजायचा कसा?

विज्ञानाची खरी अडचण येथे आहे. ताप तापमापीने मोजता येतो, पण तोही आजचा. गेल्या महिन्यातला नव्हे. मेंदूची प्रतिमा आज घेतली, तर एखादी गाठ किंवा इजा दिसेल. परंतु घटनेच्या क्षणी त्या माणसाला काय कळत होते, ते तिच्यात उमटत नाही. म्हणून आधीचे, त्या वेळचे आणि नंतरचे वर्तन जोडून अनुमान काढावे लागते. भूगर्भशास्त्रज्ञ खडकावरून जुना काळ वाचतो, तसेच हे काम आहे.

महाराष्ट्रातल्या एका पोलीस शिपायाचा खटला या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. एप्रिल १९९४ मध्ये त्याने पत्नीच्या डोक्यात दगड घालून तिला मारले. खालच्या न्यायालयांनी त्याला दोषी ठरवले. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मात्र सोडले. का? वडिलांनाही मनाचा आजार होता. त्याच्यावर १९९२ पासून उपचार चालू होते आणि निदान संशयप्रधान स्किझोफ्रेनियाचे होते. घटनेनंतर २७ जून ते ५ डिसेंबर या काळात त्याला २५ वेळा उपचारांसाठी न्यावे लागले. नोकरी सोडण्याला पत्नीचा विरोध, एवढेच क्षुल्लक कारण होते. आणि दिवसाढवळ्या खून करूनही तो लपला नाही की पळाला नाही. यातला एकेक मुद्दा सुटा घेतला तर अपुरा आहे. पळून न जाणारे सगळेच वेडे नसतात. पण सगळे मुद्दे एकाच दिशेला बोट दाखवत होते.

हे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर असते. मात्र सरकार पक्षाइतका कडक पुरावा त्याला द्यावा लागत नाही. तसे असण्याची शक्यता अधिक आहे, एवढे दाखवले तरी पुरते. माने खटल्यात तेवढेही दाखवता आले नाही. दोष कायम राहिला. पण ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फाशीऐवजी जन्मठेप दिली. दोषी आहे का, हा एक प्रश्न आणि शिक्षा किती, हा दुसरा.

तीन वेळा, तीन प्रश्न

मनाच्या अवस्थेचा विचार केवळ कृत्याच्या क्षणापुरता नसतो. खटला चालताना आरोपीला आपला बचाव करता येतो का, हेही पाहावे लागते. येत नसेल तर खटला थांबतो. आणि तिसरी वेळ शिक्षेची.

१९६८ मध्ये मुंबईत पदपथांवर व झोपड्यांत झोपलेल्या माणसांचे खून करणारा रमन राघव पकडला गेला. सत्र न्यायालयाने त्याला फाशी सुनावली. पुढे मानसोपचारतज्ज्ञांच्या मंडळाने त्याला तपासले, आजार बरा न होणारा ठरवला आणि १९८७ मध्ये शिक्षा जन्मठेपेवर आली. १९९५ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात तो मरण पावला. त्याला दोषमुक्त केले नव्हते. फाशी तेवढी टळली. महाराष्ट्रातल्याच आणखी एका खटल्यात, आरोपीचे नाव गुप्त ठेवून, एप्रिल २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की शिक्षेनंतर जडलेला गंभीर मनोविकारही फाशी रद्द करण्याचे कारण होऊ शकतो.

‘वेडा ठरला की सुटला’ हेही खरे नाही. या कारणाने निर्दोष ठरलेल्या माणसाला न्यायालय सुरक्षित ठिकाणी ठेवण्याचा किंवा हमी घेऊन नातेवाइकांच्या ताब्यात देण्याचा आदेश देते.

वर्गात सांगण्याजोगे

मनाचा आजार असलेली बहुसंख्य माणसे कधीही कोणावर हात उगारत नाहीत. उलट तीच अनेकदा मार खातात, फसवली जातात. गावात एखाद्याला ‘येडा’ म्हणून पोरे दगड मारतात, तेव्हा दगड कोण मारतो आहे, याकडे आपण मुलांचे लक्ष वेधायला हवे.

मोठ्या विद्यार्थ्यांना वरच्या शिपायाची हकिगत निकाल न सांगता द्यावी. त्यांनी दोन गट करून, प्रत्येक मुद्द्यावरून काय सिद्ध होते आणि काय होत नाही, हे लिहावे. ‘त्याच्या मनात काय होते?’ या प्रश्नाचे उत्तर देताना आपण किती सहज उड्या मारतो, ते त्यांचे त्यांनाच कळेल.