मधुमेही मांजर घरी आणताना

प्राणी-निवाऱ्यातील मधुमेही मांजर काही महिने सांभाळावे, अशी विचारणा झाली की अनेक ज्येष्ठ म्हणतात, "आमच्या घरी इन्सुलिन नवे नाही." हा सराव उपयोगी खरा, परंतु घरातील माणसाची गोळी वा इन्सुलिन मांजरास परस्पर देऊ नये.

मांजराचा मधुमेह बहुधा आपल्या 'टाइप २'सारखा असतो. तरीही त्यास बहुतेक वेळा इन्सुलिनच, साधारणतः दर १२ तासांनी, द्यावे लागते. खरा धोका मोजमापात आहे. इन्सुलिनच्या कुपीत दर मिलिलिटरला ४० किंवा १०० युनिट असतात. ४०च्या सिरिंजमध्ये १००चे इन्सुलिन भरल्यास मात्रा अडीचपट होते. म्हणून कुपी व सिरिंज यांवरील आकडे चष्मा लावून जुळवावेत.

मांजर जेवले नसेल, तर पशुवैद्यांना विचारल्याविना सुई टोचू नये. ते झोकांड्या खाऊ लागले किंवा गळून गेले, तर साखर उतरली असे समजून हिरड्यांना मध चोळावा व त्वरित दवाखाना गाठावा. झटके येत असल्यास तोंडात बोट घालू नये.

योग्य आहार व उपचारांनी काही मांजरांची इन्सुलिनची गरज घटते, काहींची संपतेही. तेव्हा जुनीच मात्रा घातक ठरते. यास्तव साखरेची तपासणी चुकवू नये.

होकार देण्यापूर्वी स्वतःस एक प्रश्न विचारावा : आपण आजारी पडलो, तर सकाळ-संध्याकाळची सुई कोण देईल? ते नाव निश्चित झाले, की मांजर खुशाल घरी आणावे.