आभार कुणाचे मानायचे?

आपल्याकडे कार्यक्रमाच्या शेवटी आभारप्रदर्शन असतं. ते सुरू झालं की निम्मे लोक चपला शोधायला लागतात. खरं ना? आणि त्या आभारांत नावं कुणाची येतात? अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, देणगीदार. सतरंज्या टाकणारा आणि पाणी आणून देणारा त्यात क्वचितच असतो. म्हणजे आभार आपण मानतो, पण वरच्या दिशेने. आज मला याच सवयीबद्दल बोलायचं आहे. कारण चंद्रपूर-गडचिरोलीत या सवयीची किंमत मोठी आहे.

एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी मी एका सरकारी दवाखान्यात रांगेत उभा होतो. पुढे एक आजी होती, बरंच अंतर चालून आलेली. आतून आवाज आला, "ए म्हातारे, तिकडं बस. कागद कुठाय तुझा?" आजीने डोकं हलवलं, थोडा वेळ बसली आणि कुणाला न सांगता निघून गेली. कुणी तिला मारलं नाही, हाकललं नाही. फक्त "ए" म्हटलं.

आता विचार करा. आपल्या भागात मलेरिया आहे. फॅल्सिपॅरम प्रकारच्या मलेरियावर वेळेत उपचार झाला नाही, तर तो मेंदूपर्यंत जाऊ शकतो आणि माणूस दगावू शकतो. एकदा अपमान झालेला माणूस पुढच्या तापाला दवाखान्यात येईल का? तो घरीच थांबेल, पुजाऱ्याकडे जाईल, आणि उशीर होईल. म्हणून मी म्हणतो, शिष्टाचार हा उपचाराचाच भाग आहे.

याच्या उलट उदाहरणही आपल्याच जिल्ह्यात आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये गडचिरोलीत 'सर्च'चं काम सुरू केलं. दवाखाना कसा हवा, हे त्यांनी आदिवासींनाच विचारलं. लोक म्हणाले, मोठ्या इमारतीची भीती वाटते, पांढऱ्या कपड्यांची भीती वाटते, आणि नातेवाइकांना जवळ राहू देत नाहीत. मग शोधग्राममध्ये गावासारखा, झोपड्यांचा दवाखाना उभा राहिला. नातेवाइकांना रोग्याजवळ राहण्याची सोय झाली आणि नाव दिलं गेलं माँ दंतेश्वरीचं. आधी विचारणं आणि मग बांधणं, यापेक्षा मोठी सभ्यता कोणती?

दुसरं उदाहरण धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाचं. 2009 मध्ये या गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. पण त्याच्या कितीतरी आधीपासून तिथली ग्रामसभा निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने घेत आली. एकाचीही हरकत असेल तर पुन्हा बसायचं, पुन्हा बोलायचं. समोरच्याचं शेवटपर्यंत ऐकून घेणं ही शिष्टाचाराची सगळ्यात अवघड पायरी आहे. ती या गावाने रोजच्या कारभारात आणली.

काही जण मला म्हणतात, "सर, हे लोक कधी थँक्यू म्हणत नाहीत. वर साहेबालाही 'तू' म्हणतात." अहो, घरी गोंडी किंवा माडिया बोलणारा माणूस मराठी बाजारात शिकतो. त्याच्या 'तू'मध्ये अपमान नसतो. तुमच्या 'तू'मध्ये मात्र तो असू शकतो, कारण तुम्हाला 'तुम्ही' हा शब्द येत असतो! आणि आपण तरी घरात आईला धन्यवाद कुठे म्हणतो? आपण "बरं झालं आलीस" म्हणतो. निघताना 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणतो. गोव्यात आभार मानताना "देव बरें करूं" म्हणतात, म्हणजे चक्क आशीर्वाद देतात. आभाराची रूपं वेगळी असतात. कुणी मोहाच्या दिवसांत ओंजळभर मोहफुलं आणून ठेवतो. ते ओळखता आलं पाहिजे.

मग धन्यवाद म्हणायचंच नाही का? म्हणायचं, जरूर म्हणायचं. विशेषतः जिथे घरोबा नाही तिथे. एसटीच्या कंडक्टरला, आशाताईला, कचरा उचलणाऱ्याला. कारण तिथे तो शब्द सांगतो की, तुमचं काम मला दिसलं.

तुमच्यापैकी बरेच जण उद्या नर्स, तलाठी, शिक्षक, वनरक्षक व्हाल. टेबलाच्या पलीकडे कुणी आलं तर तीनच गोष्टी करा. आधी "जोहार" किंवा "नमस्कार" म्हणा. बसायला सांगा. आणि वय, कपडे, जात काहीही असो, "तुम्ही" म्हणा. याला पैसा लागत नाही, जीआर लागत नाही.

आता आभारप्रदर्शन होईल. कृपया चपला शोधू नका, बसून राहा. आणि बाहेर पडताना ज्या दादांनी दुपारपासून आपल्याला पाणी दिलं, त्यांना नाव विचारून धन्यवाद म्हणा. जोहार.