चालायला ठिकाण हवे! तळहातावरच्या वाटाड्याची गोष्ट

मधुमेहाच्या रुग्णाला ‘रोज चालत जा’ असे सांगणे डॉक्टरला फार सोपे असते. रुग्ण मान डोलावतो, घरी जातो आणि चार दिवसांत चालणे बंद पडते. नृसिंहवाडीचे एक निवृत्त गुरुजी माझ्याकडे नियमित तपासणीला येतात. गोळ्या वेळेवर, पथ्यही बऱ्यापैकी (वाडीच्या पेढ्याचा अपवाद सोडून!), पण चालण्याचे नाव काढले की ते म्हणत, “डॉक्टर, पहाटे देवळात जातो, घाट उतरतो, चढतो. आता आणखी चालून जायचं तरी कुठं?”

प्रश्न खरा होता. ठिकाण नसलेले चालणे पायांआधी मनाला थकवते.

उत्तर दिले गुरुजींच्या नातवाने. शिक्षणासाठी पुण्यात असलेला हा मुलगा दिवाळीच्या सुट्टीत घरी आला. त्याने स्वतःच्याच मळ्याच्या बांधावर एक प्लॅस्टिकचा डबा दडवला, आत छोटी वही व पेन्सिल ठेवली आणि आजोबांच्या हाती मोबाईल देऊन दोन आकडे सांगितले. “आजोबा, एवढ्यावरून डबा शोधा आणि वहीत सही करून या.” गुरुजी गेले, शोधला, सही केली. दुसऱ्या दिवशी नातवाने डबा दुसरीकडे हलवला. पुढच्या तपासणीला गुरुजी माझ्यासमोर बसले ते डब्याचीच हकिगत सांगत!

या खेळाला ‘जिओकॅशिंग’ म्हणतात. मे २००० च्या आरंभी अमेरिकेने आपल्या जीपीएस उपग्रहांच्या नागरी संकेतात मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकली. त्याआधी सामान्य माणसाच्या यंत्राला शंभर मीटरपर्यंतचा फरक पडू शकत असे. तो एकदम कितीतरी कमी झाला. लगेच ३ मे रोजी ओरेगन राज्यातील डेव्ह उल्मर या गृहस्थांनी रानात एक बादली ठेवली व तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. काही दिवसांतच ती शोधली गेली आणि खेळ जगभर पसरला. सुरुवातीचे काही हौशी लोक तळहातावर मावणारा छोटा संगणक घेत व त्याला जीपीएसचा ग्राहक जोडत. संगणकात जागेचे वर्णन व नकाशा असे, ग्राहक ‘तुम्ही कुठे आहात’ ते सांगे. आज ही दोन्ही यंत्रे आपल्या खिशातील मोबाईलमध्ये एकत्र आली आहेत.

हे चालते कसे? जमिनीपासून सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून जीपीएसचे उपग्रह पृथ्वीभोवती फिरतात. प्रत्येकात अणुघड्याळ असते व तो आपली वेळ आणि जागा सतत सांगत असतो. तो संकेत पोहोचायला किती वेळ लागला यावरून आपले यंत्र उपग्रहाचे अंतर काढते. चार उपग्रहांची अंतरे मिळाली की आपली जागा ठरते. आपल्या देशाचीही ‘नाविक’ ही प्रणाली असून तिचा पहिला उपग्रह २०१३ साली सोडण्यात आला. लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी की जीपीएस फक्त ऐकते, बोलत नाही. म्हणून मोबाईलला रेंज नसली तरी उघड्या आभाळाखाली आकडे मिळतात. नकाशा मात्र आधी उतरवून घेतलेला हवा.

आकडे दोन असतात. वाडीचा अक्षांश सुमारे १६.६९ उत्तर आणि रेखांश सुमारे ७४.६० पूर्व. दशांश चिन्हापुढे दोनच आकडे असतील तर सुमारे एक किलोमीटरचा फरक राहतो. चार आकडे घेतले की तो दहा-अकरा मीटरवर येतो. म्हणून पुढचे आकडे गाळू नयेत.

गुरुजींनी दोन धडे स्वतःच शिकले. एक म्हणजे यंत्र अंतर सांगते ते सरळ रेषेतले, कावळा उडतो तसे. वाडीच्या काठावरून समोर कुरुंदवाड दिसते. यंत्र म्हणेल ‘जवळच आहे’, पण मध्ये नदी आहे! वाट आपणच शोधायची. दुसरे, मोकळ्या जागीही मोबाईल चार-पाच मीटर इकडेतिकडे दाखवतो. उंच भिंतीलगत किंवा दाट झाडीत अधिक. शेवटची पावले यंत्राची नव्हेत, डोळ्यांची. वाकणे, वळणे, बांधापलीकडे डोकावणे, हाही व्यायामच.

आता चालण्याचे माप. प्रौढ माणसाने आठवड्याला किमान दीडशे मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, ही मध्यम श्रमाची सोपी खूण. चालताना स्नायू रक्तातील साखर वापरतात, म्हणून जेवणानंतरचे थोडे चालणेही मधुमेहात उपयोगी पडते. डबा हे निमित्त. औषध आहे ते त्याच्यापर्यंतच्या वाटेत.

मात्र काही पथ्ये पाळावीत. मधुमेहात पायांची संवेदना कमी होते. काटा रुतला तरी कळत नाही. अनवाणी जाऊ नये, परतल्यावर तळपाय पाहावेत. इन्सुलिन किंवा काही गोळ्यांमुळे वाटेत साखर उतरून घाम, थरथर, चक्कर येऊ शकते. अशा रुग्णांनी खिशात साखर वा ग्लुकोज ठेवावे. (पेढा नको, त्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते.) छातीत दुखले किंवा दम लागला तर थांबावे व डॉक्टरांना गाठावे. मोबाईलकडे बघत चालू नये. थांबावे, बघावे, मग चालावे. नदीला पाणी चढत असताना काठाकडे फिरकू नये. डबा दुसऱ्याच्या रानात विचारल्याशिवाय ठेवू नये. देवळाजवळ, एस. टी. स्टँडवर किंवा पुलाखाली तर मुळीच नको. बेवारस डबा पाहून लोक घाबरतात आणि ते योग्यच आहे.

हे सारे खेळापुरतेच असते, तर मी या सदरात इतकी जागा दिली नसती. काही वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात रात्री एका मळ्यातून मला फोन आला. गड्याला साप चावला होता. “नाल्यापलीकडच्या विहिरीजवळ आहे,” एवढाच पत्ता. ऊस डोक्यावर दोन हात उंच, पाणंदी सगळ्या सारख्या आणि नाल्यापलीकडे विहिरी तीन! मी भलत्याच पाणंदीत शिरलो. रुग्णापर्यंत पोहोचायला वीस-पंचवीस मिनिटे वाया गेली. पुढे रुग्णालयात तो वाचला. पण दोघांच्याही खिशात मोबाईल असताना मला आकडे विचारायचे सुचले नाही, ही माझी चूक मी विसरलेलो नाही.

म्हणून वाचकांना विनंती. नकाशात आपली जागा दाखवणाऱ्या निळ्या ठिपक्यावर बोट दाबून धरले की आकडे दिसतात. हे आजच करून पाहावे. आपल्या घराचे, मळ्याचे, गोठ्याचे आकडे कागदावर लिहून भिंतीवर लावावेत. १०८ किंवा ११२ ला फोन केल्यावर आधी गाव, तालुका व ठळक खूण सांगावी, मग आकडे एकेक करून सावकाश सांगावेत आणि एक माणूस बॅटरी घेऊन मुख्य रस्त्यावर उभा करावा. साप चावलेल्याला चालवू नये, चावा कापू नये, घट्ट आवळू नये. तो भाग न हलवता थेट रुग्णालयात न्यावे.

एक सावधगिरी. हेच आकडे कधी नुसत्या अंशांत, तर कधी अंश आणि मिनिटांत लिहितात. १६.६९ अंश म्हणजेच १६ अंश ४१.४ मिनिटे. यातले १६ अंश ४१.४ मिनिटे कोणी ‘१६.४१४’ असे वाचले, तर माणूस तीस किलोमीटर दूर जाईल! जसे दिसते तसेच सांगावे.

शिरोळ तालुक्याने २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिले. तेव्हा बांध, रस्ते, मैलाचे दगड, सगळ्या ओळखीच्या खुणा पाण्याखाली गेल्या. ‘वडाच्या झाडाजवळ’ हा पत्ता बुडतो. आकडा बुडत नाही. फोन कोरडा आणि चार्ज केलेला असला म्हणजे झाले.

गुरुजी आता आठवड्यातून पाच दिवस चालतात. साखर पूर्वीपेक्षा आटोक्यात आहे, गोळ्या अर्थातच चालू आहेत. मागच्या खेपेस त्यांनी माझ्या टेबलावर एक चिठ्ठी ठेवली. तिच्यावर दोनच आकडे होते.

“हे काय, गुरुजी?”

“डबा ठेवलाय मळ्यात. डॉक्टर, तुमचंही पोट सुटलंय. या रविवारी शोधायला या.”

मी जाणार आहे.