घरकुल की म्हाडा? उत्पन्न कोणाकोणाचे धरतात, ते आधी बघा

कुसगाव (ता. मावळ) : घरात माणसे जास्त असली की उत्पन्नाची मर्यादाही वाढते, असा अनेकांचा समज आहे. तसे नाही. घरात दोघे असोत की आठ, मर्यादा तीच. फरक पडतो तो कमाई कोणाची धरतात यात.

म्हाडा : मावळ तालुका पीएमआरडीए हद्दीत येतो. इथे २०२२ पासून वार्षिक मर्यादा अशी : अत्यल्प गट ६ लाखांपर्यंत, अल्प गट ९ लाखांपर्यंत, मध्यम गट १२ लाखांपर्यंत. अर्जदार नवरा-बायकोचेच उत्पन्न धरतात. आई-वडील, भावाचे नाही.

घरकुल (प्रधानमंत्री आवास, ग्रामीण) : इथे उलटे. कुटुंबातल्या एकाचीही कमाई महिना १५ हजारांवर गेली, की सगळे कुटुंब यादीबाहेर. अडीच एकर बागायत किंवा पाच एकर जिरायत असली तरी नाव बसत नाही.

समजा, बापाचे घर पडके, थोडी भातखाचरे, आणि बिनलग्नाचा मुलगा लोणावळ्यात महिना १८ हजारांवर कामाला. बापाला घरकुल नाही. मुलगा मात्र, बाकी अटी बसल्या तर, म्हाडाच्या अत्यल्प गटात अर्ज करू शकतो. तहसीलचा उत्पन्न दाखला किंवा आयकर विवरणपत्र तयार ठेवा. पण म्हाडाचे घर विकत घ्यावे लागते. हप्ता झेपेल का, ते घरात बसून आधी ठरवा.